नसीमताईंची वाटी

नसीमताई कुणालाही "बरं आहे का?" असं विचारत नसत. दारात कुणी आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आज काय खाल्लं?" मी त्यांच्याकडं पहिल्या दिवशी भाकरी करायला गेले, तेव्हा मलाही तेच विचारलं. मला वाटलं, आपण उपाशी दिसत असू. मी खाली बघत म्हणाले, "झालंय की." तर म्हणाल्या, "झालंय न्हाय वैनी. काय खाल्लं ते सांगा." मग मला सांगावं लागलं की रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. तेव्हा कुठं त्यांनी मला आत घेतलं.

पुढं ओळख वाढल्यावर मी एकदा धीर करून विचारलं की तुम्ही सगळ्यांना असं का विचारता. त्या हसल्या. "बरं हाय का म्हटलं की माणूस व्हय म्हणतो. तापानं फणफणला असला तरी व्हय म्हणतो. त्या सवालात दम न्हाय. काय खाल्लं म्हटलं की त्याला आठवावं लागतं. खाल्लं नसलं की तिथंच अडकतो."

त्यांचं घर लोहाऱ्यात आमच्याच गल्लीच्या टोकाला होतं. त्यांचे वडील गावच्या शाळेत गुरुजी होते. मी चौथीपर्यंत शिकले ती त्यांच्याच हाताखाली. नसीमताई पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत होत्या. गुरुजींचे गुडघे गेले, ऐकूही कमी येऊ लागलं, तेव्हा त्या लॅपटॉप घेऊन गावी आल्या आणि घरूनच काम करू लागल्या. आमचे मालक लोहारा ते माकणी जीप चालवतात. नसीमताई त्यांना लहानपणापासून दादा म्हणत, म्हणून मी वैनी. मी कमी बोलते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, पण त्यावरून मला कधी टोकलं नाही. उलट म्हणायच्या, "या घरात एक बहिरा अन् एक मी बडबडी. मधे एक गप माणूस पाहिजेच."

त्यांचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. भाकरी थापताना मला लॅपटॉप दिसायचा. त्यावर ओळीनं चौकोन, चौकोनात एकेक ठिपका. बहुतेक हिरवे, कधी एखादा पिवळा, क्वचित लाल. मी नुसतं बघते हे त्यांच्या लक्षात आलं आणि एके दिवशी न विचारता त्यांनीच सांगितलं. रक्त तपासणाऱ्या लॅबचं मशीन एका कंपनीचं, डॉक्टरांची पेशंटची यादी दुसऱ्या कंपनीची, फोनवर मेसेज पाठवायचं काम तिसऱ्याचं. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. त्या सगळ्यांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला समजावून देणारं सॉफ्टवेअर नसीमताईंची कंपनी बनवायची. आणि त्यातला प्रत्येक जण जागेवर आहे का, हे आपोआप तपासत राहायची सोय करणं हे खास नसीमताईंचं काम. त्याला त्या हेल्थ चेक म्हणायच्या. आपल्या लोहाऱ्याची लॅबसुद्धा त्यातच होती.

"हे पिवळं म्हणजे काय?" मी विचारलं.

"तुम्ही स्टँडवर गेलाव. एसटी उभी हाय, इंजिन चालू हाय. पण कंडक्टर चहाला गेलाय. मग ती गाडी मेलेली हाय का?"

"न्हाय."

"निघणार हाय का?"

"न्हाय."

"ते पिवळं. जिवंत हाय, पण तिच्यात आत्ता माणूस बसवायचा न्हाय. अन् लाल म्हणजे धक्का मारायला माणसं बोलवा."

एवढं सोपं असतं हे मला खरंच वाटलं नव्हतं.

गुरुजींवरून त्या पुष्कळ शिकल्या, असं त्या स्वतःच म्हणत. गावी आल्या तेव्हा दर थोड्या वेळानं पुढच्या खोलीत जाऊन ओरडायच्या, "अब्बा, ठीक हाव ना?" गुरुजी दर वेळी दचकायचे, चष्मा शोधायचे, मग उत्तर द्यायचे. तिसऱ्या दिवशी ते चिडले. म्हणाले, "नसीम, तुला जवाब देता देताच मी मरंन. मला पेपर तरी वाचू दे." त्याच आठवड्यात त्यांच्या कंपनीतलं एक मशीन असंच बसलं होतं. सगळे जण त्याला क्षणाक्षणाला विचारत होते, तू जागा आहेस का, आणि उत्तरं देण्यातच त्याचा सगळा जोर संपला होता. नसीमताईंनी ते फोनवर कुणाला तरी हसत सांगितलं, "अरे, माझे अब्बा झालेत त्याचे."

तेव्हापासून गुरुजींसाठी त्यांनी वाटीची रीत लावली. सकाळी सात वाजता मी हुलग्याचं माडगं करायचं, एक पितळी वाटी भरून पुढच्या खोलीत ठेवायची आणि काही न बोलता परत यायचं. गुरुजी ते पिऊन, वाटी विसळून, काठी टेकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचे. वाटी उंबऱ्यावर आली की नसीमताई मान वर न करता म्हणायच्या, "अब्बा बरे हायत. हात चालतोय, पाय चालतोय, भूक हाय, आठवण हाय. एका वाटीत सगळं कळलं." गुरुजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, पोरगी भांडी घासायच्या कामाला लावते.

माझी सून रेखा, तिला तेव्हा सातवा महिना होता. एका सोमवारी गावातल्या त्या लॅबमध्ये तिचं रक्त दिलं. संध्याकाळपर्यंत तुमच्या फोनवर आणि डॉक्टरीणबाईंकडं रिपोर्ट जाईल, असं सांगितलं. संध्याकाळी आला नाही. मंगळवारी मी भाकरी करताना नसीमताईंच्या लॅपटॉपकडं बघितलं. लॅबचा चौकोन आता मला ओळखू येत होता. ठिपका हिरवागार. मी मनाशी म्हटलं, सगळं नीट चाललंय म्हणजे रिपोर्ट डॉक्टरीणबाईंकडं गेला असणार, आणि काही वाईट असतं तर त्यांनी निरोप धाडला असता. विचारावं असं दोनदा ओठावर आलं. पण ज्या बाईचं हेच काम, तिला तिच्या हिरव्या ठिपक्यासमोर मी काय म्हणणार? मी पीठ मळत राहिले. बुधवारीही तसंच.

बुधवारी दुपारी रेखा नळावर घागर उचलताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट माझ्याकडं आलाच नाही, मला वाटलं तुम्ही रक्त दिलंच नसेल. त्यांनी लॅबमधून कागद मागवला. अंगात रक्त फारच कमी होतं. मालकांनी जीपमधली माणसं उतरवली आणि आम्ही तिला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्ताच्या पिशव्या चढवल्या. पोटातलं बाळ हलतंय असं नर्सबाईंनी सांगेपर्यंत मी तिच्या पायावर ठेवलेला हात काढला नाही.

गुरुवारी मी सुट्टी मागायला गेले. नसीमताईंनी नेहमीसारखं विचारलं, "वैनी, आज काय खाल्लं?"

"काल दुपारपास्नं काही न्हाय," मी म्हणाले. आणि मग सगळंच बोलून गेले.

त्यांनी आधी मला बसवलं, हातात पाणी दिलं. मग लॅपटॉप पुढं ओढला. बराच वेळ टकटक चालली होती. लॅबचा ठिपका अजूनही हिरवाच होता. सोमवारी दुपारपासूनचे सगळ्यांचे रिपोर्ट लॅबमध्येच अडकून पडले होते. एकही बाहेर गेला नव्हता. पण नसीमताईंच्या तपासणीनं विचारलं की ते मशीन दर वेळी सांगायचं, मी आहे.

मला वाटलं, आता त्या लॅबवाल्यांना बोलतील. त्या कुणालाच बोलल्या नाहीत. लॅपटॉप मिटून म्हणाल्या, "माझी चूक हाय, वैनी. जो सवाल मी माणसाला विचारत न्हाय, तोच मशीनला विचारत बसले. बरं हाय का? व्हय. बरं हाय का? व्हय." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुम्हाला सोमवारीच कळलं होतं. बोलला का न्हाय?"

"हिरवं होतं," मी म्हणाले.

"व्हय. माझ्या हिरव्यानं तुमचं तोंड बांधलं."

त्या दिवशी त्यांनी आधी अडकलेले सगळे रिपोर्ट पाठवून दिले आणि डॉक्टरीणबाईंना स्वतः जाऊन सांगितलं, चूक माझ्या कामाची आहे म्हणून. मग चार दिवस टेबलावरून उठल्या नाहीत म्हणे. जेवणसुद्धा तिथंच. सुट्टी संपवून सोमवारी मी कामावर आले, तेव्हा उंबऱ्यावर आलेली गुरुजींची वाटी उचलून त्यांनी माझ्यासमोर धरली. म्हणाल्या, "मशीनलाबी आता वाटी पाठवायची."

त्यांनी एक खोटी पेशंट तयार केली. रोज सकाळी सात वाजता तिचा खोटा रिपोर्ट लॅबच्या मशीनमधून निघायचा, खऱ्या रिपोर्टच्या वाटेनंच डॉक्टरांच्या यादीत जायचा आणि तिथून मेसेज होऊन फोनवर पोचायचा. शेवटापर्यंत पोचला तरच ठिपका हिरवा. कुठं अडकला तर तिथला ठिपका लाल. खऱ्या माणसाशी घोटाळा होऊ नये म्हणून तिला असं नाव पाहिजे होतं जे कुणाचंच नसेल. त्यांनी ठेवलं, वाटीबाई. लॅबमधली पोरं पोट धरून हसली म्हणे.

"अन् हा मेसेज तुमच्या फोनवर येईल," त्या मला म्हणाल्या.

मी घाबरले. "माझ्या कशाला? तुमचा ठिपका हाय की."

"ठिपका पुन्हा खोटं बोलला तर? इशारा देणाराच मेला तर इशारा कोण देणार? म्हणून शेवटाला एक माणूस पाहिजे. मेसेज आला तर काही करायचं न्हाय. आला न्हाय तर फोन करायचा."

"मला बोलायला जमत न्हाय, ताई."

"म्हणूनच तुम्ही पाहिजे. बोलकं माणूस जरा उशीर झाला की फोन करतं. मग त्याचं कुणी ऐकत न्हाय. तुम्ही उगीच करणार न्हाय. तुम्ही केला तर समजायचं, खरंच काही तरी हाय."

माझ्या कमी बोलण्याचा असा उपयोग आजवर कुणी सांगितला नव्हता.

रेखाला मुलगी झाली. नसीमताई बघायला आल्या, तान्हीच्या हातावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिला काय खाल्लं विचारायची गरज न्हाय, हीच ओरडून सांगंल." पुढच्या वर्षी थंडीत गुरुजी गेले. एका सकाळी वाटी उंबऱ्यावर आली नाही. मी आणि नसीमताईंनी एकमेकींकडं बघितलं. दोघींनाही उठून पुढच्या खोलीत जायला थोडा वेळ लागला.

त्यानंतर त्या पुण्याला परत गेल्या. जाताना पितळी वाटी मला दिली आणि कंपनीचा नंबर माझ्याच वहीत माझ्याकडून लिहून घेतला, म्हणजे माझं अक्षर मला लागेल. स्टँडवर गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "वैनी, वाटी तुमच्याकडं हाय हां." मी मान हलवली.

तेव्हापासून रोज सात वाजता फोन वाजतो. "वाटीबाई, तुमचा रिपोर्ट तयार आहे." मी वाचते आणि चुलीकडं वळते.

मागच्या महिन्यात एका सकाळी सात वाजले, साडेसात झाले, मेसेज आला नाही. मालक म्हणाले, "नेट नसंल. त्यांना त्यांचं कळत असंल की." मी फोन हातात धरून अंगणात उभी राहिले. आठ वाजता वही उघडून नंबर लावला. पलीकडं एक बाई होत्या. मी कसंबसं सांगितलं की लोहाऱ्याहून बोलते, आज वाटी आली नाही.

"कसली वाटी?" त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी बघितलं. "मावशी, इकडं तर सगळं हिरवं दिसतंय."

फोन ठेवून द्यावा असं वाटत होतं. समोर रेखा पोरीला कडेवर घेऊन उभी होती.

"दिसू द्या," मी म्हणाले. "माझ्याकडं आली न्हाय."

त्या म्हणाल्या, "थांबा, मी विचारते."

दहा वाजता मेसेज आला. त्याच्या मागोमाग नसीमताईंचा फोन. रात्रीपासून मेसेज पाठवणारं कामच अडकलं होतं आणि ठिपका बदलणारंही त्याच्यासोबतच बंद पडलं होतं, त्यामुळं ठिपके कालचेच हिरवे राहिले होते, एवढं त्यांनी सांगितलं. आता सगळं सुटलं होतं. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "वैनी, आज काय खाल्लं?"

"काही न्हाय," मी म्हणाले. "सातपास्नं फोन घेऊन उभी हाय."

"मग आधी भाकरी करा. फोन ठेवू नका. मी हाय."

मी फोन चुलीशेजारच्या फळीवर ठेवला आणि परात ओढली. पलीकडून त्यांच्या लॅपटॉपची टकटक ऐकू येत होती.