खंडेनवमीला बंद न केलेला कॉम्प्युटर

मला फुशारकी मारायची सवय नाही, असं मी म्हणते तेव्हा माझा नवरा हसतो. हसू दे. ही गोष्ट मी फुशारकीनंच सांगणार आहे.

नव्वदच्या दशकात मी कुपवाडला पंपांच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या कामाला होते. रहिमतपूरची मुलगी, सांगलीत मावशीकडं राहायची आणि मोपेडवरून ये-जा करायची. मालकांना सगळे अण्णा म्हणत. कारखान्याची झाडून सगळी जुनी ड्रॉइंग मी दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर घेतली होती. त्या वर्षी खंडेनवमीच्या साफसफाईत कागदांची पिवळी भेंडोळी रद्दीत घालायला सांगितलं, तेही मीच. फ्लॉपीवर दुसरी प्रत काढायचं मात्र रोज उद्यावर ढकलत होते.

खंडेनवमीला सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि हार्ड डिस्क खट्खट् वाजायला लागली. एक ड्रॉइंग उघडेना, दुसरं तिसऱ्या खेपेला उघडलं.  डिस्क गेली तर कारखान्याकडं एका पंपाचंही ड्रॉइंग उरणार नव्हतं, आणि त्याला जबाबदार मी होते.

अण्णांनी पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरमधला जाणकार. त्यानं सांगितलं, मशीन बंद करा, तुमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून याच्यात जोडा, अर्ध्या तासात सगळी कॉपी होईल.

"अण्णा, बंद केली आणि परत फिरलीच नाही तर?" मी म्हणाले.

अण्णांनी रिसीव्हर खाली ठेवला. मशीन शॉपमधली पूजा आटोपून आमचे सर्वांत जुने टर्नर, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, प्रसाद द्यायला दारात आले होते. त्यांनी त्या आवाजाकडं कान दिला.

"ताई बरोबर बोलत्यात, अण्णा. बेअरिंग गेलेली मोटार फिरती हाय तवर फिरती. थांबवली की जाम बसती, मग हलत न्हाई."

"मग करायचं काय?" अण्णांनी मला विचारलं.

फ्लॉप्या होत्या सातआठ, लागणार होत्या ढिगानं, आणि दुकानं बंद. केबिनमधला कॉम्प्युटर शेजारी आणायचा, दोन्हींच्यामध्ये केबल टाकायची आणि एकेक फाइल पलीकडं न्यायची, असं मी ठरवलं. वेळ लागला असता, पण डिस्क थांबवावी लागली नसती. तसली केबल कारखान्यात एकच होती, सीएनसी लेथला प्रोग्राम पाठवायची. आणि लेथला झेंडूचा हार पडला होता. पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडं नियम. त्या दिवशी कुणी साधा पानाही उचलत नसे.

मी मिस्त्रींकडं पाहिलं. ते लेथपाशी गेले, हात जोडले आणि स्वतःच केबलचे स्क्रू सोडवायला लागले.

"देवालाबी कळतंय," केबल माझ्या हातात देत ते म्हणाले. "कामालाच नेतोय की."

केबलला लागलेलं कुंकू पुसायचं मला धाडस झालं नाही. मी तशीच जोडली.

कुठलं ड्रॉइंग आधी घ्यायचं, तेही मिस्त्रींनीच सुचवलं. ज्या पंपाचा ओतकामाचा लाकडी साचा, म्हणजे पॅटर्न, माडीवर शाबूत होता, तो मोजून ड्रॉइंग परत काढता आलं असतं. म्हणून ज्यांचे पॅटर्न मोडले होते, ती आधी. एखाद्या फाइलवर डिस्क अडून खट्खट् करायला लागली की मी हट्ट न करता ती सोडून द्यायची आणि पुढची घ्यायची. दुपारी जेवायलाही उठले नाही. तिन्हीसांजेपर्यंत दोन सोडून सगळी ड्रॉइंग पलीकडं गेली. त्या दोन्हींचे पॅटर्न माडीवर होते. मग मी माझ्या हातानं कॉम्प्युटर बंद केला.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांसमोर तो पुन्हा सुरू केला. डिस्कनं एकदा टक् केलं, आणि बस्स. पुन्हा कितीदा बटण दाबलं तरी ती फिरली नाही.

 अण्णांनी लगेच पुण्याला फोन लावला. भाच्याला म्हणाले, "तुझं ऐकलं असतं तर आज डोक्याला हात लावून बसलो असतो. आमच्या बाईंनी कसं केलं ते नीट ऐकून घे." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

त्यानं ऐन कामाच्या वेळी फोन घेतला होता, मलाही कामं होती. तरी मी अगदी सावकाश, पहिल्यापासून सगळं सांगितलं. अण्णा खुर्ची मला देऊन उभे राहिले होते.