सासूनं चुलीत घातलेली कॅसेट

सासूनं कॅसेटीतली फीत ओढून काढली, तिचं भेंडोळं केलं आणि चुलीत घातलं. मी पोचेपर्यंत ते चुरचुरत वितळलं. काळा धूर निघाला आणि घरभर वास सुटला. तीन दुपारी बसून तिनं जे सांगितलं होतं ते सगळं त्या फितीत होतं. दुसरी प्रत नव्हती.

"आता कोणी इच्यारलं तं सांगजो, बुढी मेली म्हणून," ती म्हणाली आणि त्याच चुलीवर तवा ठेवला.

चूक माझी होती, ते आधीच सांगते.

आमचं गाव कारंज्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. आमची माणसं मूळची इथली नाहीत. सातपुड्याच्या पलीकडून, दुष्काळात गाड्या जुंपून आलेली. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण कोण कोण आलं, कोणत्या वाटेनं आलं, वाटेत काय झालं, हे सांगणारी एक माझी सासूच उरली होती. आली तेव्हा ती आठ वर्षांची होती. सासरेही त्याच गाड्यांबरोबर आले होते, दहा वर्षांचे. पण त्यांना फक्त बैल आठवायचे.

सन ऐंशीच्या आसपास कारंज्याच्या शाळेत आमच्याच समाजातली एक मास्तरीण आली. तिनं म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी टेप करायला घेतल्या. सासू तिच्यासमोर तोंड उघडेना. म्हणून मास्तरणीनं टेप माझ्याकडे ठेवला आणि बटणं शिकवली. मी चौथी शिकलेली. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायचं, एवढं जमलं. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, तेही जमलं.

सासू शेंगा फोडता फोडता बोलायची. मी टेपावर शेंगांचं रिकामं पोतं टाकून ठेवायची, म्हणजे तिला तो दिसू नये. ती बोलता बोलता आठ वर्षांची व्हायची. गाड्या वर्धा नदीत शिरल्या, एका गाडीचं चाक रेतीत रुतलं, गाडीत बियाण्याची जवारी होती. बैल धरायला ज्या पोराला उभं केलं होतं, तो बैल सोडून पाण्यातले मासे पाहत होता. ती गाडीवरून ओरडली, "ए अमक्या! बैल धर!"

तो पोरगा म्हणजे माझे सासरे. लग्न पुढं सहा वर्षांनी झालं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं नाही, जेठाचं म्हणजे थोरल्या दिराचं नाही. सासूनं पन्नासेक वर्षं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्या दुपारी काढलं, तेही 'ए' लावून, आणि तिला कळलंसुद्धा नाही. मला कळलं. मी तसंच राहू द्यायला हवं होतं. पण मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे ओट्यावर चहा पीत होते, तेव्हा मी मुद्दाम तेवढा तुकडा लावला.

सासऱ्यांच्या हातची बशी तिरपी झाली. चहा धोतरावर सांडला. मग ते असे हसले की खोकला लागला.

"अरे बापा! बुढी मले हाक मारून राह्यली!"

सासू आतून आली. आपलाच आवाज ऐकून तिचा चेहरा काळवंडला. पुढचं वर सांगितलंच.

त्या दिवशीच्या भाकरीला कॅसेटीचा वास येत होता. सासऱ्यांनी तरी एक जास्त खाल्ली. "माह्या नावावर भाजली हाये," म्हणाले. सासूनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

रविवारी मास्तरीण आली. मी तिला खरं ते सांगितलं. ती ओरडली नाही. ओट्यावर बसली.

"नाव काय घेतलं होतं?" तिनं विचारलं.

मी नुसती मान हलवली. सासऱ्याचं नाव मी तरी कशी घेणार?

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कपाळावर हात मारला. तिच्याजवळ दहा-बारा बायकांच्या कॅसेटी होत्या. सगळ्यांत 'आमचे थे', 'मोठ्या घरचे', 'त्याइचे बाबा'. ती समजत होती बायका नावं विसरल्या. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आई लहानपणीच गेलेली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग नावं कोण सांगू शकतं?"

"घरची पोरगी," मी म्हणाले. "तिले कोणाचं बंधन?"

माझी नणंद आर्वीला दिलेली. ती भाऊबीजेला आली, त्या दिवशी मास्तरीण नवी कॅसेट घेऊन हजर झाली. बेत असा होता की सासू सांगेल आणि नाव आलं की नणंदेला कोपर मारेल, नणंद नाव घेईल. बेत चांगला होता. फक्त सासू आतून बाहेर यायला तयार नव्हती.

"मी एकदा सांगतलं. माह्यी फजिती झाली. बस."

तेव्हा सासरे ओट्यावर मांडी घालून बसले. "राहू दे तिले. मी सांगतो. लावा वो बाई तुमचा डबा." आणि सुरू झाले. पांढरा बैल, त्याची शिंगं, तांबड्या बैलाची चाल. मास्तरीण मान हलवत होती, पण मला माहीत होतं की ह्यात काही नाही. मग नदी आली.

"गाडी रुतली. मी एकट्यानं खांदा लावला अन् काढली भाईर."

आतून भांडं आदळलं. "खोटं!"

"अन् बाया सगळ्या रडून राह्यल्या होत्या."

"कोण रडून राह्यलं होतं?" सासू पदर खोचत दारात आली. "मास्तरीणबाई, याइचं काही लिहू नका. गाडी बायांनी काढली. माह्या मायनं लुगडं खोचलं अन् चाकाले हात घातला. हे तं मासे पाहून राह्यले होते!"

"मंग तूच सांग," सासरे म्हणाले आणि सरकून जागा केली.

ती बसली. पहिल्यापासून सुरू केलं. कोणत्या गावातून निघाले, किती गाड्या होत्या, कोणाचं तान्हं वाटेत गेलं आणि कुठं पुरलं. नाव आलं की कोपर, आणि नणंद धडाधड नावं घ्यायची, आजा, पणजा, चुलता. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. ज्या घरात वीस वर्षं नांदले, त्यातली निम्मी नावं मी पहिल्यांदा ऐकली.

मग पुन्हा नदी आली. सासूनं कोपर मारलं. नणंदेनं जीभ चावली.

"घे ना," सासू पुटपुटली.

"मा, बापाले 'ए' कशी म्हणू वो?" नणंद तिच्या कानाशी कुजबुजली.

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नाव ती घेईल, पण 'ए' नाही. आणि 'ए' शिवाय ती हाक होत नव्हती. मास्तरीण उठून टेप बंद करायला निघाली. मी तिचा हात धरला. सासू समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. फीत फिरतच होती.

तेवढ्यात सासरे मोठ्यानं म्हणाले, "ओ! आलो!"

आम्हा सगळ्यांना हसू फुटलं. सासूनं त्यांच्या मांडीवर चापट मारली, आणि हसता हसताच पुढं सांगायला लागली, "अन् मंग बैल धरले याइनं."

ती कॅसेट आहे. तिच्या प्रती निघाल्या, समाजाच्या मेळाव्यात वाजते. त्या जागी हाक ऐकू येत नाही, मायलेकींची कुजबूजही टेपात आलेली नाही, नुसती खरखर आहे आणि मग "ओ". नवी माणसं विचारतात, इथं काही पुसलं का? मी सांगते, नाही, तिथं काही नव्हतंच.

सासरे तीन वर्षांनी गेले, सासू त्यांच्यानंतर पाच वर्षांनी. नणंदही गेली. त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी आता मास्तरीण आहे आणि मी.