प्लॅस्टिकला भिणाऱ्या अक्का

कमरीपेठेत आमच्या शेजारी एक बाई राहत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. बाजाराला जाताना जुन्या परकराची शिवलेली पिशवी त्यांच्या खांद्याला असे. भाजीवाल्याने पातळ कॅरीबॅग पुढे केली की त्या हात मागे घेत आणि कानडीमिश्रित मराठीत नको म्हणत. "ब्याड अण्णा, ब्याड. ओच्यात घाल, पण त्यात नको." नव्वदच्या दशकातले ते दिवस. अशा पिशव्या नुकत्याच फुकट मिळू लागल्या होत्या आणि मी त्या हौसेने जपून, दारामागे खिळ्याला अडकवून ठेवत असे. अक्कांच्या भीतीचं मला हसू यायचं.

एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना खालून त्यांची किंकाळी ऐकू आली. धावत उतरले तर माझी दोन वर्षांची लेक जमिनीवर पडली होती. तिचं डोकं पिशवीत अडकलं होतं आणि प्रत्येक श्वासाबरोबर ते प्लॅस्टिक तोंडात ओढलं जात होतं. अक्कांनी ते नखांनी फाडून काढलं. लेक खोकली आणि मग मोठ्यांदा रडली.

तिला मी छातीशी धरलं. अक्का मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

"सळसळ ऐकली गं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते."

त्यानंतर आमच्या घरात तसली पिशवी आली नाही. अक्कांना मूलबाळ नव्हतं. पूर्वी कधी होतं का, हे विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.