अर्धी गोळी

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप दुरुस्तीला येत. मी तिथे मिस्त्री होतो आणि हाताखालच्या फिटरांत एक माझा साडू. त्याला सगळे अर्धसूत म्हणत. बाकीचे सुतापर्यंत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचे, हा त्याच्याही निम्म्यापर्यंत. ‘चालतंय की’ हे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मला कामचुकार माणूस खपत नाही, त्यामुळे तो मला सख्ख्या भावापेक्षा जवळचा.

एकदा एकोणीस पंप एकदम आले. मुदत पाच दिवसांची. तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या आमचे डोळे मिटू लागले. ट्रक ड्रायव्हर जागं राहायला एक गोळी घेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मी एका ड्रायव्हरकडे मागून आणली. करवतीच्या पात्याने मधोमध कापली. अर्धी त्याला, अर्धी मला. आधीच सांगून टाकतो: गोळी मी आणली.

मला ती मानवली नाही. छाती धडधडली, तोंडाला कोरड पडली, मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं. दुपारी ओकलो आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. अर्धसुताने संध्याकाळपर्यंत चार पंप उभे केले. म्हणाला, “मिस्त्री, आज पहिल्यांदा डोकं आणि हात एका रेषेत आले.”

पुढे गोळ्या तो स्वतःच मिळवू लागला. मला कळलं होतं. काम होत होतं म्हणून मी गप्प बसलो. वर इतर फिटरांना त्याचा दाखला द्यायचो. जेवायची सुट्टी झाली तरी त्याचा हात थांबत नसे. मला ते आवडायचं.

मग मेहुणी आमच्या घरी आली. त्याने पंखा खोलला होता, मिक्सर खोलला होता, तिची शिलाई मशीनही. स्क्रू चादरीवर आकाराप्रमाणे ओळीने मांडलेले. जोडलं मात्र काहीच नव्हतं. ओळी मोडायच्या आणि पुन्हा लावायच्या. “घरात फिरणारं असं काही उरलं नाही, भाऊजी,” ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. फिटरच्या घरातला पंखा कधी चालतो का, असं काहीतरी बोललो. ती हसली नाही.

त्यातच अर्धसूत मला म्हणाला की हल्ली त्याला पाव गोळी पुरते. मी कारखान्याचा हिशेब लावला. कमी तेलात जास्त चालतं ते यंत्र सुधारलं. म्हटलं, सुटत आली सवय.

त्याच आठवड्यात एका दुपारी तो व्हॉल्व्ह बसवत होता. व्हॉल्व्ह ज्या कड्यावर घट्ट बसतो ती सीट घासायची, व्हॉल्व्ह टेकवून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचं. सकाळपासून तोच व्हॉल्व्ह. माझ्यासमोर अकरा वेळा. सीट भंगारात टाकण्याइतकी झिजली होती. त्याच्या नखांतून रक्त येत होतं. मी तीनदा हाक मारली. त्याने मान वर केली नाही. दोघांनी त्याला धरून बाहेर काढला, तेव्हाही बोटं हवेत फिरत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना मी पाव गोळीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं. सुधारणा नव्हे, उलट आहे, म्हणाल्या. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य असतं. ते ज्यांवर जाऊन बसतं त्यांना रिसेप्टर म्हणतात, तुमच्या व्हॉल्व्हच्या सीटसारखे. गोळीने ते द्रव्य भसकन वाढतं. पुन्हा पुन्हा घेतली की काहींचा मेंदू तिला सरावण्याऐवजी जास्तच भडकतो. मग थोडीशीही पुरते आणि हात एकाच चाकोरीत अडकतो.

मी छाती काढून सांगितलं की मीही तीच गोळी घेतली होती, पण मनावर ताबा होता, सोडली. बाई म्हणाल्या, “ताब्याचं श्रेय इतक्यात घेऊ नका. रिसेप्टर सगळ्यांत सारखे नसतात. काहींत ते जास्त असतात, त्यांना गोळी नकोशी होते. तुमचं तसं असेल.” चाळीस वर्षं मी माणसं मेहनतीवर तोलली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तराजूकडे बघितलं.

त्याने गोळी सोडली. आठ महिने घरी बसला. अंगावर मांस आलं, शिलाई मशीन त्याने जोडून दिली. मालक म्हणाले, तू जबाबदारी घेत असशील तर घेतो परत. बाईंनी बजावलं होतं की जुन्या जागी उभं करू नका, गोळीशिवायही ती जागा मेंदू चाळवते. पण मेहुणी रोज यायची. “रिकामा बसून माणूस कुजतोय, भाऊजी. तुमच्या डोळ्यांसमोर राहील.” गोळी मी आणलेली. नाही म्हणवलं नाही.

त्याला पॅकिंगला लावला. हातात फक्त खोके आणि सुतळी. तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी म्हणाला, एकदा माझं टेबल बघू दे. मी त्याचे खिसे तपासले. त्याने निमूट तपासू दिले. काही नव्हतं.

तो टेबलापाशी उभा राहिला. काम पकडायच्या शिकंज्यावर हात फिरवला. तिथे पडलेला एक नट उचलला, बोल्टवर चढवला, उतरवला. चढवला. उतरवला. मी बोलायचं ठरवत होतो आणि मोजतही होतो. सहा झाले.

“पुरे आता,” मी म्हणालो.

त्याने वर न बघता मान हलवली. “सूतभर राहिलंय, मिस्त्री.”

बोल्ट आणि नट दोन्ही नवे होते. राहण्यासारखं त्यात काही नव्हतं.