मल्लेश्वरममध्ये आठ जणांचा स्कॉटिश नाच

आमची स्कॉटिश नाचाच्या धुनांची कॅसेट टेपरेकॉर्डरने गिळली, म्हणून आम्ही बंगळूरला गेलो. १९९६ची गोष्ट. पुण्याच्या फुटपाथवर मिळालेली ती कॅसेट मी आणि माझा नवरा सुधीर वर्षभर रोज ऐकत होतो. अकॉर्डियन आणि व्हायोलिन असं काही उधळायचं की पोळ्या लाटताना माझे पाय आपोआप हलत. सुधीरच्या ऑफिसातल्या मित्राने सांगितलं, "मल्लेश्वरमच्या माझ्या काकांकडे असल्या अकरा तबकड्या आहेत." पत्र टाकलं. उत्तर आलं: कोऱ्या कॅसेटी आणा, उतरायला आमच्याकडेच या.

रेल्वेने जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. डबा घरून न्या, गुंतकलला दहीभात घ्या. बंगळूरला स्टेशनासमोरूनच मल्लेश्वरमची बस मिळते. कंडक्टर "स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे" म्हणत सगळ्यांना पुढे सरकवत होता. सुधीर इतका आज्ञाधारक की थेट ड्रायव्हरजवळ पोहोचला.

काकांना सगळे अण्णा म्हणत. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या तिथलंच. त्यांची नोकरी चिकमगळूरच्या कॉफीमळ्यात झाली. मळ्याचा स्कॉटिश मॅनेजर मायदेशी जाताना तबकड्या त्यांना देऊन गेला.

"तुम्ही पण नाचायचात?" मी विचारलं.

"छे. मळेवाल्या साहेबांच्या क्लबात दर शनिवारी तबकडी मी लावायचो. नाचायचे ते. मी सुई सांभाळायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी इडली आणि दोन-दोन कॉफ्या झाल्यावर वायर जोडून आम्ही तबकड्या कॅसेटवर उतरवायला बसलो. प्रत्येक धून एका लांब सुराने सुरू होई. "हा जोडीदाराला वाकून नमस्कार करायला," अण्णा म्हणाले. मग तेच नाचाचं आवर्तन आठ वेळा. चार जोड्या, प्रत्येकीला दोनदा पुढे यायची संधी. चाळीस वर्षं बघून त्यांना एकूण एक पावलं पाठ होती.

"मग आज करूया," सुधीर म्हणाला. "माणसं गोळा करू."

वरचे भाडेकरू प्राध्यापक आणि त्यांची बायको आली. शेजारच्या दोन कॉलेजच्या मुली आल्या. आम्ही दोघं. सहा झाले. अण्णांनी अक्कांकडे, म्हणजे बायकोकडे, पाहिलंच नाही. "हिला नाही आवडायचं. गुडघे दुखतात."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "चाळीस वर्षं ऐकते मी हे," त्या म्हणाल्या. "एकदा तरी विचारलंत?"

अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला, त्यांच्यासमोर गेले आणि वाकले. "येतेस?"

"सरी," म्हणजे 'बरं' म्हणत अक्कांनी पदर खोचला.

खुर्च्या अंगणात गेल्या. पहिल्या आवर्तनात प्राध्यापक भिंतीवर आदळले. दुसऱ्यात मी चुकीच्या नवऱ्याचा हात धरला. तिसऱ्यापासून अक्काच हुकूम सोडू लागल्या: डावीकडे, आता मधून, अय्यो, तुम्ही नाही, ते. त्यांनाही सगळं पाठ होतं. क्लबच्या खिडकीतून त्या बघत असत, हे अण्णांना त्या दिवशी कळलं. आठव्या आवर्तनाला दोघं समोरासमोरच्या रांगांमधून हात धरून दुसऱ्या टोकाला आले तेव्हा अण्णा हसत होते आणि डोळे पुसत होते.

आम्ही ती धून पुन्हा लावली. मग पुन्हा.

पुण्यात परतल्यावर तीन दिवस जिना उतरताना पोटऱ्या बोंब मारत होत्या. सात कॅसेटी स्वच्छ उतरल्या आहेत, हवी त्याला नक्कल करून देते. आठवी देत नाही. ती नाच चालू असताना माइकवर भरली होती. तिच्यात व्हायोलिन कमी, धापा जास्त, आणि मधूनच अण्णांचा आवाज ऐकू येतो: "अगं, तू केव्हा शिकलीस हे?"