आठव्या अध्यायानंतर

देवबाग सोडलं तेव्हा श्रावण अर्ध्यावर आला होता आणि पोथीचा आठवा अध्याय आदल्या दुपारीच संपला होता. अध्याय एकूण अठरा. आयर्लंडमधल्या वृद्धांच्या एका नर्सिंग होमने लगेच रुजू व्हायला कळवलं होतं, त्यामुळे थांबणं शक्यच नव्हतं. कुडाळला रेल्वेवर सोडायला रिक्षा दारात उभी राहिली. काकीनं माझ्या बॅगेत कोकमाच्या सोलांची पुडी कोंबली आणि चाचपडत माझा चेहरा हातांत धरला. पोथीबद्दल ती काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. समुद्र इतका गाजत होता, की त्या आवाजात न बोलणं सोपं गेलं.

मला आई आठवत नाही. काकीनंच वाढवलं. वाडीत श्रावणातली पोथी तीच वाचायची, सासऱ्यांकडून शिकलेली. तिची नजर अधू झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तेव्हापासून वाचणं माझ्याकडे आलं. दुपारची जेवणं उरकली की बायका पडवीत जमायच्या. कुणी केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत बसायची, कुणी मांडीवर लेकरू थोपटायची. मी पाटावर बसून लाल बासन सोडायचे आणि सुटी पानं एकेक करून उलटायचे. मागून काकीचा आवाज यायचा, "मोठ्यान वाच गो, मागे बसल्यांका आयकाक येना नाय."

वाचणारा एक आणि ऐकणारे वीस, हीच तेव्हाची रीत होती. काकीच्या सासऱ्यांच्या काळात तर तोंड मिटून वाचणारा माणूस संशयास्पद वाटायचा. काकी हसत सांगायची, "मामंजी म्हणत, जो मनात वाचता तो कायतरी लपवता." मुंबईहून आलेलं पत्रसुद्धा चारचौघांत वाचलं जायचं. पत्र एकाचं, रडायच्या सगळ्या.

आयर्लंडमध्ये मी मनात वाचायला शिकले. रोस्टर, औषधांचे चार्ट, बसमध्ये फोनवरच्या बातम्या, सगळं ओठ मिटून. पहिल्या हिवाळ्यात हीटिंगच्या घरघरीत एकटीच पुस्तक घेऊन बसायचे, तेव्हा दोन पानांपलीकडे मन टिकायचं नाही. मागून कुणी हुंकार देत नव्हतं ना.

त्याच दिवाळीत फोन आला, काकीला आता काहीच दिसत नाही. मी स्वतः नर्स. काचबिंदूनं काय होतं, मला चांगलं ठाऊक होतं. तरी आत कुठेतरी टोचलंच, की पोथी अर्धी टाकली म्हणून हे झालं. अर्धी पोथी टाकू नये, असं लहानपणापासून ऐकलेलं. हे मी कुणालाच विचारलं नाही. पुढे दर दोन-तीन वर्षांनी गावी गेले, पण नेहमी डिसेंबरात, नाताळच्या रजेत. श्रावणात रजा मिळत नाही, असं सांगायचे. खरं म्हणजे मी कधी मागितलीच नव्हती.

मग आमच्या नर्सिंग होममध्ये मॉरीन नावाची एक आजी आली. तिचे डोळे गेलेले. एकदा ड्यूटी संपल्यावर मी तिला पेपर वाचून दाखवायला बसले. थोड्या वेळानं तिनं माझा हात थोपटला. "असं डुलत वाचतेस. आमच्या गल्लीत एकच म्हातारा वाचायचा, बाकी सगळे शेकोटीशी बसून ऐकायचे. तोही असाच डुलायचा." तिला मी डुलतेय हे कसं कळलं, कुणास ठाऊक, बहुधा खुर्ची करकरत असावी. त्या संध्याकाळी मी श्रावणातल्या रजेचा अर्ज भरला. घर सोडल्याला बावीस वर्षं झाली होती.

गेल्या श्रावणात गेले, तर पडवीत होमस्टेच्या खोल्या झालेल्या. काकी मागच्या खोलीत खाटेवर बसलेली, ऐंशी पार केलेली. मी पोथी मागून घेतली, तिच्यासमोर बसले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं.

"काकी, माजी पोथी अर्दी रवली होती. आज नवव्यापासून पुरी करतंय."

"खंयची अर्दी?" काकी म्हणाली. "ती त्याच वर्षा पुरी झाली."

"कोणी वाचली?"

"वाचतली कोण? तू गेलंस, दुसऱ्या दिवसा बायका इल्यो आनी बसल्यो. इतकी वर्षा आयकलेली. जेका जा आठावला ता तेना सांगल्यान. कुसुमवैनीक चौदावो अध्याय अख्खो पाठ होतो. काय पुढे-मागे झाला आसात. देव समजान घेता."

"मग माका कधी सांगलंस नाय ता?"

"तू कधी इचारलंस?"

मला हसू आलं आणि रडूही. काकी मात्र शांतपणे म्हणाली, "रडतंस कित्याक? वाच आता."

वाचता वाचता नवव्या अध्यायाच्या कडेला मोडीतल्या ओळी दिसल्या. तशा त्या पोथीभर होत्या. लहानपणी आम्ही त्यांना मुंग्या म्हणायचो. घरात कुणालाच मोडी येत नव्हती. या वेळी फोनवर फोटो काढले आणि सावंतवाडीला एका निवृत्त मास्तरांकडे गेले. ते भिंग घेऊन वाचू लागले. देवाधर्माचं त्यात फारसं नव्हतं. 'आज वारा फार. ऐकावयास चौघीच.' 'मूल रडले, अध्याय उद्यावर.' मग नवव्याची कड आली आणि मास्तर थांबून पुन्हा वाचू लागले:

'येथून वाचणारे गलबतावर गेले. पुढील अध्याय बायकांनी तोंडी सांगून पोथी पुरी केली.'

घरी येऊन ते मी काकीला वाचून दाखवलं. तिनं हात पुढे करून पोथीची कड चाचपली.

"आनी ता लिवल्यान कोणी?"

"मास्तर म्हणाले, अक्षर सगळीकडे एकाच माणसाचा आसा."

"मगे जो गलबतार गेलो, तेनाच लिवलेला," काकी सावरून बसली. "बायकांका लिवाक खंय येय तेवा? म्हंजे तो परत इलो गो! परत इलो, इचारल्यान आनी लिवन ठेवल्यान."

त्याचं नावही आम्हाला ठाऊक नाही. पण त्या दुपारी खोलीत तिसरं कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. अठरावा अध्याय संपवला, तेव्हा काकीला डुलकी लागली होती. मी बॅगेतलं बॉलपेन काढलं आणि त्याच्या ओळींखाली लिहिलं: आठव्यानंतर मी गेले. काकी, कुसुमवैनी आणि वाडीतल्या बायकांनी पोथी पुरी केली. मला हे बावीस वर्षांनी कळलं.

माझ्यासारखे दूर गेला असाल, तर एकदा घरी विचारून बघा. आपण जे अर्धं टाकलं म्हणून झुरतो, ते मागच्यांनी कधीच, आपापल्या परीनं, पुरं केलेलं असेल. आणि तुम्ही मागे राहिलात, तर आम्ही विचारायची वाट पाहू नका. सांगून टाका. आम्हाला विचारायची भीती वाटते. मला आता घर म्हटलं की ती बायकांची दुपार दिसते, जी मी पाहिलीच नाही. मी नसताना जमलेल्या त्या सगळ्या, एकमेकींचे शब्द सावरत, पुढे चाललेल्या.