वीस सेंटिमीटर चिखल

दुपारचे अडीच वाजलेत. प्रयोगशाळेतला पंखा फिरतोय आणि शर्वाणीच्या डोळ्यांवर झापड येतेय. अहवालाचं शेवटचं पान तेवढं राहिलंय. उद्या जेटीच्या सुनावणीत तिला एकच आकडा सांगायचाय: खाडीच्या तोंडाशी वाढणाऱ्या समुद्रगवताखाली, मीटरभर खोल चिखलात, हेक्टरी एकशे वीस टन कार्बन साठून आहे. जेटीसाठी तो चिखल उपसला, तर शेकडो वर्षांची ही साठवण उधळली जाईल. आकडा तिने तीनदा तपासलाय. खणखणीत आहे. पाच मिनिटं म्हणून ती मान टेकवते.

टेबल गार लागतं. मग ओलं. मग ती गुडघाभर पाण्यात उभी आहे आणि समोर भिवाकाका मेतर, कमरेला पंचा, तोंडात विडी. तिची होडी हाकणारे, तिच्यासोबत नमुन्यांसाठी चिखलात नळ्या ठोकणारे भिवाकाका. ते मार्गशीर्षात वारले, हे तिला नीट ठाऊक आहे. ते पाण्यात बुडी मारून वर येतात, विडी पेटलेलीच. त्याचं तिला नवल वाटत नाही.

"काय गो बाय, जेवलंस?"

"जेवले. तुम्ही?"

"माका आता जेवणाची घाई नाय. काय लिवलंस तां वाचून दाखय."

वही पाण्यावर तरंगतेय. ती वाचते, "नळी साठ सेंटिमीटर खोल गेली. आत चाळीस सेंटिमीटर चिखल मिळाला. खालचा वीस उचलताना गळून पडला."

"पडलो?" भिवाकाका विडी हातात घेतात. "खंयसून?"

"नळीच्या तळातून."

"तळाक कोण होतो?"

तळाशी भिवाकाकांचा हात होता. त्या दिवशी नळीच्या तळाचं झाकण प्रवाहाने नेलं, तेव्हा त्यांनी बुडी मारून नळीच्या तोंडाला तळहात लावला आणि नळी होडीत येईपर्यंत काढला नव्हता.

"चाळीस वर्सां ह्याच हातान सुकाणू धरलंय. चिमूटभर चिखल सांडूक नाय. आणि तू सरकारी कागदार लिवतंस, भिवाच्या हातातसून पडलो? गावात लोक माका हसतले!"

"मग वीस सेंटिमीटर गेले कुठे, काका?"

आता दोघं भिवाकाकांच्या अंगणात बसलीत. काकी डब्यात तांदळाचं पीठ भरतेय. डबा काठोकाठ भरतो. काकी मुठीने दाबते, पीठ चार बोटं खाली बसतं.

"काय गो," काका विचारतात, "डबो गळता काय?"

"नाही," शर्वाणी म्हणते. आणि तिला कळतं. "दाबला गेला! नळी ठोकताना चिखल आत दाबला गेला. साठ सेंटिमीटरचा माल चाळिसात बसला, आणि मी तो चाळिसाचाच धरून मीटरभराचा हिशेब केला."

"मगे?"

"मग आकडा उतरतो. एकशे वीसचे ऐंशी."

"उतरलो म्हणान खोटो झालो?"

अंगणात खुर्च्यांच्या रांगा लागल्यात. जेटीवाल्यांचा तज्ज्ञ उभा राहून विचारतोय, नळी साठ गेली तर चिखल चाळीस का? एकशे वीस धरून बोलताना शर्वाणी नुसतेच कागद चाळत राहते. ऐंशी धरून बोलते तेव्हा ती थांबतच नाही. शेवटी तज्ज्ञच खाली बसतो.

"आता हात दी," भिवाकाका म्हणतात आणि भरलेली नळी तिच्या तळहातावर उभी करतात. "गच्च धर. होडी येयसर सोडू नको."

पंखा. सव्वातीन.

शर्वाणी आधी अहवालातलं 'गळून पडला' हे वाक्य खोडते आणि लिहिते: 'चिखल दाबला गेला; काहीही गळालेलं नाही. नळी तळाशी भिवा मेतर यांनी धरली होती.' मग गुणाकार पुन्हा करते, दोनदा. ऐंशी. हा आकडा कुणी हलवू शकणार नाही.

टंकताना उजवा हात कळफलकावरून घसरतो, म्हणून ती तो उलटा करून पाहते. तळहातावर गोल वळ उमटलाय. वळाच्या आत काळा, ओला चिखल, सडक्या अंड्यासारख्या वासाचा. सगळे नमुने तर पलीकडच्या खोलीत शीतकपाटात कुलूपबंद आहेत.

ती मोजपट्टी लावते. सात सेंटिमीटर. नळीच्या तोंडाएवढा.

हात धुवायला ती उठत नाही. उजवी मूठ मिटून घेते आणि उरलेला अहवाल डाव्या हाताने पुरा करते.